पांझरेच्या पात्रात घडलेला इंजिनिअर : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

धुळं कोणी आखलं, असं गावात कोणालाही विचारलं तर बहुतेक जण पटकन सर विश्वेश्वरय्यांचं नाव घेतात. पेठेतल्या त्या सरळ, एकमेकींना समांतर, नंबर दिलेल्या गल्ल्या पाहिल्या की कोणालाही वाटावं, हे एखाद्या मोठ्या इंजिनिअरचंच काम. पण साल पाहिलं की हिशोब जुळत नाही. 1818 साली पेशवाई गेली, खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने 1819 साली धुळं हे मुख्य ठाणं ठरवलं आणि जुन्या गावाजवळ नवी पेठ वसवायला घेतली. विश्वेश्वरय्यांचा जन्म 1860 चा. म्हणजे पेठेची आखणी झाली तेव्हा त्यांच्या जन्माला अजून चाळीसेक वर्षं होती.

मग धुळ्याचा आणि त्यांचा काही संबंधच नाही का? आहे ना. आणि जो खरा संबंध आहे तो या ऐकीव गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. धुळ्याने विश्वेश्वरय्यांना त्यांचं पहिलं काम दिलं. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला तेवीस-चोवीस वर्षांचा एक तरुण पांझरेच्या वाळूत उभा राहिला, तिथे त्याची चांगलीच परीक्षा झाली, आणि पुढे साऱ्या देशाने ज्याला सलाम केला तो इंजिनिअर तिथे घडायला लागला.

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी हा विषय घेण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्या सोसायटीतली काही मुलं-मुली आर्किटेक्चर आणि सिव्हिल शिकतायत. सबमिशनच्या दिवसांत त्यांच्या खोलीतले दिवे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालू असतात, माउंटबोर्डची मॉडेलं जिन्यातून जपून खाली नेली जातात. या मुलांना एक प्रश्न कायम छळतो. नवी कल्पना आणायची कुठून? मोठ्या माणसांना ती सुचली कुठून? विश्वेश्वरय्यांचं आयुष्य म्हणजे या प्रश्नाचं चांगलं उत्तर आहे.

शिकवण्या करून शिकलेला विद्यार्थी

मैसूर संस्थानातलं मुद्देनहळ्ळी हे त्यांचं गाव. 15 सप्टेंबर 1860 हा जन्मदिवस. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार, पण घरची परिस्थिती बेताची. त्यात विश्वेश्वरय्या शाळेत असतानाच वडील गेले. पुढच्या शिक्षणासाठी बंगळूरला मामांचा आधार मिळाला. एका घरी मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या आणि त्यावर आपलं शिक्षण करायचं, असं करत 1881 साली ते सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाले. त्यांची हुशारी पाहून मैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो, तेच हे कॉलेज.

1883 साली एल.सी.ई. म्हणजे त्या काळच्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या परीक्षेत त्यांचा पहिला नंबर आला आणि जेम्स बर्कले पारितोषिक मिळालं. हे बर्कले कोण? जी.आय.पी. रेल्वेचे पहिले मुख्य इंजिनिअर. भोर घाटातून गाडी वर चढवण्याचं काम त्यांच्या देखरेखीखाली सुरू झालं. चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या आपल्या स्टेशनांवरून जाते ती लाईनही याच कंपनीची. म्हणजे खान्देशात पाऊल टाकण्याआधीच या विद्यार्थ्याच्या नावाशी खान्देशात रूळ आणणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरचं नाव जोडलं गेलं होतं.

पहिला नंबर आल्यामुळे सरकारी नोकरी लगेच मिळाली. 1884 साली मुंबई इलाख्याच्या पी.डब्ल्यू.डी.मध्ये ते असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. आधी नाशिक, मग थोड्याच दिवसांत धुळे. तेव्हा आजचे धुळे, जळगाव वगैरे जिल्हे वेगळे नव्हते. सगळा मिळून एकच खान्देश जिल्हा होता आणि त्याचं ठाणं धुळ्याला होतं. पूर्व आणि पश्चिम खान्देश अशी वाटणी झाली ती 1906 साली. धुळ्याला रेल्वेही नव्हती. चाळीसगावहून धुळ्याला येणारा फाटा सुरू व्हायला 1900 साल उजाडलं. तोवर चाळीसगावला उतरायचं आणि पुढची वाट बैलगाडीने नाहीतर टांग्याने कापायची.

पाटाचं पाणी नदीखालून

पांझरा सह्याद्रीत पिंपळनेरच्या बाजूला उगम पावते, साक्रीकडून धुळ्याला येते आणि मुडावदला तापीला मिळते. उन्हाळ्यात बघाल तर कोरडी ठाक, आणि पावसाळ्यात एका रात्रीत दोन्ही थड्या भरून वाहणारी. साक्री तालुक्यात दातर्ती गावाजवळ एका पाटाचं पाणी या पांझरेच्या प्रवाहापलीकडे न्यायचं होतं. त्यासाठी सायफन बांधण्याचं काम या नव्या असिस्टंट इंजिनिअरकडे आलं.

सायफन म्हणजे काय, ते सोप्या भाषेत सांगतो. पाटाचं पाणी उतारावरून आपोआप वाहतं, पण वाटेत नदी आडवी आली की अडतं. पूल बांधून पाणी वरून नेता येतं, पण त्याला खर्च फार. दुसरा मार्ग म्हणजे नदीच्या तळाखालून नळ टाकायचा. अलीकडच्या काठावर पाणी नळात खाली उतरतं, तळाखालून जातं आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वर येतं. पंप लागत नाही की इंजिन लागत नाही. फक्त पलीकडचं तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा थोडं खाली पाहिजे. गवंडी लेव्हल बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात ना, तिच्यात दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला येऊन थांबतं. तेच तत्त्व इथे मोठ्या मापात.

कागदावर हे फार सोपं दिसतं. खरी अडचण जागेवर. नळ पुराने उघडा पडू नये म्हणून तळात खोल चर खणायचा. चर खणला की त्यात झिरप्याचं पाणी भरतं, ते उपसायचं. उपसून होत नाही तोच वरून पूर येतो आणि सगळा चर वाळूने पुन्हा बुजवून टाकतो. कालचं काम आज दिसत नाही. पावसाळ्याच्या दिवसांत हे असं होऊ लागलं, तेव्हा विश्वेश्वरय्यांनी एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरना लिहून कळवलं की पावसात काम चालू ठेवलं तर खर्च वाढेल, तेव्हा ते पाऊस संपेपर्यंत थांबवावं.

सल्ला इंजिनिअरिंगच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. पण वरून जे उत्तर आलं त्याने त्यांना चांगलाच धक्का बसला असणार. हुकूम पाळायची तयारी नाही, शिस्त नाही, असा शेरा त्यांच्या नावावर बसण्याची वेळ आली. नोकरीचं पहिलं वर्ष, माथी पहिलं स्वतंत्र काम, पाठीशी कोणी नाही. त्या काळात खात्यातल्या वरच्या जागा जवळजवळ साऱ्या गोऱ्या साहेबांच्या, आणि देशी माणसाच्या नावावर असा शेरा पडला की तो आयुष्यभर पुसला जात नसे. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलाची सगळी कमाई त्या एका शेऱ्यावर अडकली होती.

विश्वेश्वरय्यांनी वाद वाढवला नाही. आपलं म्हणणं मागे घेतलं आणि कामाला भिडले. पाऊस आहे, पूर आहे, वाळू आहे, हे सगळं धरूनच काम कसं होईल ते पाहायला लागले. नदीचा जोर कधी ओसरतो, किती तास हाताशी मिळतात, तेवढ्यात किती चर खणून नळाचा किती भाग बसवता येतो, असं घड्याळाशी आणि पाण्याशी जमवून घेणं सुरू झालं. एकदा पलीकडच्या काठावर असताना नदीला पूर आला. मुक्काम अलीकडे. शेवटी पोहून परत यावं लागलं. अशा परिस्थितीत साधारण दोन महिन्यांत सायफन पूर्ण झाला, आणि ज्या साहेबांनी कान उघाडणी केली होती त्यांचंही या तरुणाबद्दलचं मत बदललं.

कल्पना कुठून आल्या

आता या अनुभवातून ते काय शिकले ते पुढच्या कामांत पाहू.

1890 च्या दशकात त्यांची नेमणूक सिंधमध्ये सक्करला झाली. गावाला पाणी सिंधू नदीचं, पण ते इतकं गढूळ की पिण्यासाठी ते गाळणं भाग होतं. गाळण्याचे मोठे हौद बांधायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणायचं ठरवलं. वाळूतून झिरपून विहिरीत येणारं पाणी आपसूक गाळलेलं असतं. पाणी कमी पडू नये म्हणून तळाखालून नदीकडे बोगदा नेला. पांझरेत ज्या वाळूने त्यांचा चर रोज बुजवला, तीच वाळू सक्करला फुकटचा फिल्टर झाली! नदीपात्रातल्या वाळूतून पाणी कसं झिरपतं, हे त्यांनी धुळ्यात चर उपसताना रोज पाहिलं होतं.

मग पुणे. खडकवासल्याच्या धरणातून दर पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहराला आणि कालव्याला पाणी कमी पडे. धरणाची भिंत उंच करायची तर खर्च मोठा आणि जुन्या बांधकामावर भार वाढणार. त्यांनी सांडव्यावर दारं बसवली. ही दारं पाणी अडवून तलावाची पातळी काही फूट वर ठेवत. मोठा पूर आला आणि पाणी ठरल्या उंचीच्या वर चढलं की पाण्याच्याच जोराने आणि वजनांच्या तोलाने ती आपोआप उघडत, पाणी उतरलं की पुन्हा मिटत. रात्री-अपरात्री धरणावर माणूस धावायला नको. 1903 साली ही दारं बसली. त्यांनी या युक्तीचं पेटंट घेतलं, पण सरकारी नोकर म्हणून केलेल्या कामाची रॉयल्टी घ्यायला नकार दिला. पुढे तशीच दारं ग्वाल्हेरजवळच्या टिग्रा धरणावर आणि मैसूरच्या कृष्णराजसागरावरही लागली.

एका रात्रीत भरणारी पांझरा ज्याने जवळून पाहिली, त्याला दार उघडायला माणूस वेळेवर पोचेल या भरवशावर राहता येत नाही, हे वेगळं शिकवावं लागलं नसणार.

आपल्या फडाशी जुळणारी गोष्ट

पुण्यातलं त्यांचं आणखी एक काम आपल्याला जास्त जवळचं आहे. नीरा कालव्याच्या तोंडाजवळचे शेतकरी उसाला पाणी मुबलक घेत आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला ते पोचतच नसे. तोंडाशी जमिनी पाणथळ होऊ लागल्या, टोकाशी पिकं करपत. 1899 च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. जमिनीचे गट पाडायचे, गटातल्या ठराविक भागातच ऊस, बाकी भागात कमी पाण्याची पिकं, आणि दरसाल पाळीपाळीने फेरपालट. म्हणजे तेच पाणी जास्त घरांना पुरतं. शेतकऱ्यांनी आधी विरोध केला. विश्वेश्वरय्या त्यांना भेटले, समजावलं, आणि हळूहळू ते पटलं.

आता आपल्या पांझरेच्या खोऱ्यात काय होतं ते पाहा. इथे शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, तिसऱ्यात भुसार. पुढच्या वर्षी फिरवून. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि पाटातला गाळ काढायला हंगामाआधी सगळ्यांनी मिळून अंगमेहनत. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा, पण तो एकट्याच्या माथी मारायचा नाही. पांझरेसारखे फड मोसम, आरम, गिरणेच्या काठीही होते.

गटाने जमीन, ठरलेलं पीक, फेरपालट आणि टोकापर्यंत पाणी. फड आणि ब्लॉक यांतलं साम्य शेतीची थोडी माहिती असलेल्या कोणाच्याही लगेच ध्यानात यावं. आणि फड पद्धत ज्या मुलखात डोळ्यांसमोर चालत होती, त्याच मुलखात या इंजिनिअरने नोकरीची पहिली पावसाळी झड काढली होती. आपल्या आजोबा-पणजोबांनी कोणत्याही कॉलेजात न जाता जे चालवलं होतं, त्याच विचाराचं काम पुढे इलाख्यातल्या सर्वात हुशार इंजिनिअरने कालव्यावर केलं, याचा आपण खान्देशी माणसांनी जरूर अभिमान बाळगावा.

पुढचा प्रवास

पुण्याच्या वर्षांत त्यांचा न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्याशी जवळचा संबंध आला. 1898 साली ते जपान पाहून आले आणि उद्योग-शिक्षणाचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. 1906 च्या सुमारास त्यांना पाऊस जेमतेम पडणाऱ्या एडनच्या पाण्याची आणि गटारांची योजना आखायला पाठवलं. पण मुंबई इलाख्यात देशी माणूस चीफ इंजिनिअर होण्याची शक्यता दिसत नव्हती. 1908 साली त्यांनी नोकरी सोडायचं ठरवलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादला मुसी नदीचा भयंकर पूर आला, हजारो माणसं गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी शहराच्या वरच्या बाजूला पूर अडवणारे तलाव सुचवले. त्यातूनच पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. 1909 साली ते मैसूरचे चीफ इंजिनिअर झाले आणि 1911 साली कावेरीवर कृष्णराजसागराचं काम सुरू झालं. 1912 ते 1918 ते मैसूरचे दिवाण होते. त्या काळात बँक, विद्यापीठ, कारखाने अशी कितीतरी कामं उभी राहिली. 1955 साली त्यांना भारतरत्न मिळालं. शंभरी ओलांडून एप्रिल 1962 मध्ये ते गेले. त्यांच्या जन्मदिवशी, 15 सप्टेंबरला, देशभर अभियंता दिन साजरा होतो.

आपल्यासाठी

आर्किटेक्चर आणि सिव्हिलच्या मुलांनो, या आयुष्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. त्यांची सगळी कामं त्या-त्या जागेच्या अडचणीतून निघाली. सक्करला पैसा नव्हता म्हणून वाळू कामाला लावली. खडकवासल्याला भिंत उंच करणं परवडत नव्हतं म्हणून दारं आली. नीरेला टोकाचा शेतकरी तहानलेला होता म्हणून ब्लॉक आला. तेव्हा प्रोजेक्टसाठी मोबाईलवर परदेशातल्या इमारतींची चित्रं जरूर पाहा, पण त्याआधी जागेवर जा. ऊन कुठून येतं, पावसाचं पाणी कुठे साचतं, म्हातारी माणसं कुठे टेकायला बसतात ते पाहा. वहीत उतरवून घ्या. सरांनी नापास केलेलं एखादं ड्रॉइंगसुद्धा पुढे कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

आणि आपण बाकीच्या सभासदांसाठीही यात काही आहे. पंचवीस वर्षांत आपल्या मीटिंगांमध्ये सर्वात जास्त चर्चा कशावर झाली असेल, तर पाण्यावर. टाकी किती वाजता भरायची, वरच्या मजल्याला प्रेशर का नाही, बोअर आटला तर टँकरचे पैसे कोणी भरायचे. फडाचा पाटकरी आणि आपला वॉचमन, दोघांपुढचा प्रश्न एकच, शेवटच्या नळाला पाणी पोचलं का? ते पोचलं तर सोसायटी चालली म्हणायची. नाही पोचलं तर नुसतीच इमारत उभी आहे.

येत्या 15 सप्टेंबरला सोसायटीतल्या मुलांना घेऊन पांझरेकाठचा एखादा जुना फडाचा बंधारा पाहून यावा, असं कार्यकारिणीला सुचवतो. बरोबर डबे घ्यावेत, टेप आणि वही घ्यावी, आणि तिथल्या एखाद्या जुन्या जाणत्या शेतकऱ्याकडून पाळीचं पाणी कसं फिरायचं ते मुलांनी त्याच्याच तोंडून ऐकावं. परत आल्यावर आपल्या गच्चीवरची टाकी, तिच्या लाईनी आणि टोकाचे नळ यांचा नकाशा मुलांनीच काढून नोटीस बोर्डावर लावावा. पंचवीस वर्षांत तो अजून कोणी काढलेला नाही.